हार्लेबाईंकडचा चहा

परवा माझ्या वाढदिवसाला लेकीने मला दोह्याच्या वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात दुपारच्या चहाला नेलं. काचेपलीकडे समुद्र, आत पियानो वाजवणारा एक कंटाळलेला माणूस, आणि टेबलावर तीन मजली तबक. खाली बोटभर सँडविचेस, मधे स्कोन नावाचे गोडसर पाव, वर नखाएवढे केक. वेटरने प्रत्येक पदार्थाची ओळख वधूपक्षाच्या पाहुण्यांसारखी करून दिली. लेक मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतच देते. तिने क्रीमच्या वाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ममा, धिस इज आजीज क्रीम!" मी मान हलवली आणि माझ्या वाटचा स्कोन तिच्या बशीत सरकवला. तिला वाटलं, मी वजन सांभाळतेय. आजीच्या क्रीमची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. फक्त ती जशी सांगितली जाते तशी घडली नाही, आणि हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

आम्ही तेव्हा दोह्यातल्याच बिन महमूद भागात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, त्यात खिडकीतला एसी इतका आवाज करायचा की तो बंद पडला की आम्ही दचकायचो. खाली परोट्याचं हॉटेल होतं, त्याच्या तव्यावरची थापाथाप सकाळी अजानच्या पाठोपाठ सुरू व्हायची. बाबा एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. आई निफाडकडची, माहेरी दूधदुभतं भरपूर असलेली. लग्न होऊन ती थेट कतारला आली आणि पहिल्याच आठवड्यात इथल्या पिशवीतल्या दुधाशी तिचं वैर जुळलं. "काय मेलं दूध आहे, कितीही तापवा, साय धरत नाही," असं ती रोज म्हणायची, जणू दूध मुद्दाम करत होतं. इंग्रजी तिला येत नव्हतं. यस, नो, थँक्यू आणि हाऊ मच एवढ्यावर तिने वीस वर्षं काढली. तिचं हिंदीही असं होतं की ते समजून घेता घेता कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी दुकानदारच थोडं मराठी शिकला. त्यानेच तिला एकदा फार्मवरून येणारं, बाटलीत वर पिवळसर थर धरणारं दूध दाखवलं, आणि आईचं कतारमध्ये खरं बस्तान बसलं.

ते दूध ती पसरट लंगडीत ओतायची आणि शेगडीच्या सगळ्यात बारीक आचेवर ठेवून द्यायची. उकळी येऊ द्यायची नाही, ढवळायचं नाही, जवळून पाय आपटत जायचं नाही. तीन-चार तासांनी दुधावर सुरकुत्या पडलेली जाड पिवळी साय धरायची. मग लंगडी गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई उलथन्याने ती साय अख्खी उचलायची. फ्रिजमधला मधला कप्पा लंगडीसाठी राखीव होता. तिथे कुणी पाण्याची बाटली ठेवली तर घरात महाभारत व्हायचं. त्या सायीतून मला पोळीवर साय-साखर मिळायची, उरलेल्याचं विरजण, लोणी, तूप. शुक्रवारी कढणाऱ्या तुपाचा वास जिन्यापर्यंत जायचा आणि समोरची पाकिस्तानी बाई दार उघडून नुसतीच हसायची. आईच्या ओळखी अशा, दारातून हसण्यापुरत्या. गणपतीत मराठी मंडळी भेटायची, पण तिथल्या पुण्या-मुंबईच्या बायका नोकऱ्या करणाऱ्या, गाड्या चालवणाऱ्या. आई त्यांच्यात प्रसादाचं ताट धरून उभी राहायची. तिला मैत्रीण नव्हती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त एवढंच कळत होतं की शाळेतून आल्यावर ती माझ्याशी फार बोलते.

हार्लेबाई म्हणजे बाबांच्या साहेबांच्याही वरच्या साहेबांची बायको. अल हिलालमधल्या एका मोठ्या व्हिलात राहायच्या. नाताळात त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी एकेक पत्र्याचा डबा पाठवला. आमचा डबा घेऊन त्यांचा ड्रायव्हर नामदेव आला. बीडकडचा माणूस, बायकामुलं गावी, इथे एकटा. डब्यात सहा स्कोन होते आणि एका बरणीत घट्ट क्रीम. आईने बोटाने चाटून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं वैशू, ही तर साय! एवढ्या थाटामाटाने सायच पाठवली होय बाईने?" स्कोन तिला कोरडे लागले, भाकरीचा तुकडा साखरेत पडल्यासारखे. पण डबा परत करायचा होता. आणि दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत करायचा नसतो, किमान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते येतंच. आईने त्या आठवड्याची अख्खी साय डब्यात भरली.

चार दिवसांनी नामदेव पुन्हा आला. हातात तोच डबा, रिकामा, आणि वर एक चिठ्ठी. मी वाचून दाखवली. अशी क्रीम मी दोह्यात कधी खाल्ली नाही, मला माझ्या आईच्या घरची आठवण झाली, येत्या गुरुवारी आणखी थोडी मिळेल का, असं लिहिलं होतं. मी म्हणाले, "रिकामा डबा काय पाठवतात!" आई मात्र चिठ्ठी हातात घेऊन किती वेळ उभी राहिली, वाचता येत नसताना. म्हणाली, "अगं, रिकामा डबा कोण पाठवतं? ज्याचा हक्क असतो तो. लेक नाही का माहेरी पाठवत? परक्या माणसाला लाज वाटते मागायची. तिला नाही वाटली, म्हणजे आपलं मानते ती." बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "देऊन टाक. वरच्या माणसाची बायको आहे." त्यावर आई अशी उसळली की बाबा पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. "वरच्या माणसाची म्हणून नाही देत मी. मैत्रीण आहे ती माझी."

मग दर गुरुवारी सकाळी नामदेव येऊ लागला. आमच्या घरातली साय गेली. पोळीवर साखर राहिली, साय नाही. तूप बाजारातल्या डब्यातलं आलं, त्याला वास नव्हता. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "तुला काय कमी आहे ग? तिचं माहेर बघ किती लांब आहे." स्वतःचं माहेर कुठे जवळ होतं! हार्लेबाई दोनदा आमच्या दारापर्यंत आल्या, गाडी खाली चालू ठेवून. दोन्ही वेळा त्यांनी आईचे हात हातात घेतले आणि भराभर खूप काही गोड बोलल्या. आई त्यानंतर आठवडाभर त्यावर जगायची. बाई वाईट नव्हत्या, हे मी इतक्या वर्षांनीही म्हणेन. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी थँक्यू म्हणायला विसरल्या नाहीत. कामापुरता मामा करणारी माणसं आपल्याकडेही असतात, पण त्यांचा कावा चेहऱ्यावर तरी दिसतो.

मार्च सरत आला होता. फोन आला, मी उचलला. हार्लेबाई म्हणाल्या, येत्या गुरुवारी माझ्याकडे दुपारचा चहा आहे, तुझ्या आईला यायला जमेल का, तूही ये, म्हणजे बोलायला बरं पडेल. बाकीच्या चारला येतील, तुम्ही अडीचला या. मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं आणि ती खुर्चीवर बसली. "अडीचला? बाकीच्या चारला आणि आपण अडीचला?" मग तिने मला समजावून सांगितलं, तिच्या दृष्टीने किती सरळ होतं ते. कार्य असलं की पाहुणे वेळेवर येतात आणि घरची माणसं आधी. बहिणीला, जावेला आपण चारला या म्हणतो का? बाबा म्हणाले, "तसंच असेल." त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला अजून ठरवता येत नाही.

गुरुवारी आईने येवल्याची पैठणी काढली. लग्नातली, मोरपिशी, काठ इतके जड की नेसताना ती दोनदा थांबली. पहिल्यांदाच तिच्या घरी जातोय म्हणून नारळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या पिशवीत घेतल्या. दुपारी ती जेवली नाही. "तिकडे खायचंच आहे ना. बाई एवढं करणार आणि आपण पोट भरून जायचं?" मी अकरावीत होते. इंग्रजी वक्तृत्वाची दोन बक्षिसं मला मिळाली होती आणि त्या बक्षिसांचा माज माझ्या मानेत बसला होता. मी गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घातला आणि आईकडे बघून मनात म्हटलं, हिला कुणी सांगितलं एवढं नटायला. म्हणजे ते आधीपासूनच माझ्यात होतं. पुढे जे झालं ते त्या एका दुपारचं नव्हतं.

नामदेवने गाडी व्हिलाच्या पुढच्या फाटकाशी न थांबवता वळसा घालून बाजूच्या दाराशी नेली. इंजिन बंद करून तो थोडा घुटमळला. "वहिनी, म्याडमनं हिकडूनच आना म्हनून सांगितलंय." आई हसली. "बरोबर आहे की. घरची माणसं मागच्याच दारानं येतात." दार थेट स्वयंपाकघरात उघडत होतं. हार्लेबाईंनी आईला मिठी मारली. आईने ओटी भरायला नारळ पुढे केला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, हाउ लव्हली म्हणाल्या आणि सिंकशेजारी ठेवून दिला. मग एक पांढरा एप्रन आईच्या गळ्यात घातला. क्रीम छोट्या काचेच्या वाट्यांत भरायची होती, ती तुझ्या आईसारखी कुणाच्या हाताने न मोडता भरली जात नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी आईला सांगितलं. आईने पैठणीचा पदर खोचला.

दीड तास ती राबली. वाट्या भरल्या, स्ट्रॉबेऱ्या धुऊन पुसल्या, गरम स्कोन टोपल्यांत फडक्याखाली रचले, काकडीच्या सँडविचेसच्या कडा कापल्या. कापलेल्या कडा टाकून द्यायच्या म्हटल्यावर तिला वाईट वाटलं. एवढ्या कडांचा चिवडा झाला असता, म्हणाली. ती खूश होती. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. परक्या देशात अठरा वर्षांनी तिला कुणाच्या तरी कार्यात कंबर कसायला मिळाली होती. मी स्टुलावर बसून दुभाष्याचं काम करत होते आणि मधून मधून दाराच्या फटीतून पुढच्या खोलीतल्या पांढऱ्या चादरी, फुलं आणि सोनेरी कडांचे कप बघत होते.

चार वाजले. पुढे आवाज यायला लागले, हसणं, टाचांचे आवाज. आईने एप्रन काढून त्याची घडी केली. सिंकवर तोंड धुतलं, कुंकू नीट केलं, पदर खांद्यावरून घेतला. पोटाशी पाण्याचा ओला डाग होता, तो तिने निऱ्यांनी झाकला. "नीट दिसतेय ना ग?" आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता ती पुढच्या खोलीत गेली. खिडकीशी एक खुर्ची रिकामी होती. ती तिथे जाऊन बसली. दहा-बारा बायका होत्या, सगळ्यांचे फिकट सुती फ्रॉक, आणि त्यात ही मोरपिशी पैठणी. दोघीतिघी तिच्याकडे बघून हसल्या. आईने हात जोडले.

हार्लेबाई आल्या त्या तिच्याकडे नाही, माझ्याकडे. माझ्या कानाशी वाकल्या. चेहऱ्यावर तेच गोड हसू. तुझी आई किती दमली असेल, नामदेव तिला आत्ता घरी सोडेल, तिला नीट समजावून सांगशील ना? मी मान हलवली. त्या वळल्या आणि पुन्हा वाकल्या. तू मात्र थांब हवं तर, तू इतकं सुंदर बोलतेस, सगळ्यांना आवडेल.

मला राग आला असं लिहावंसं वाटतंय. नाही आला. मला आधी आईची लाज वाटली, त्या ओल्या डागाची, जोडलेल्या हातांची. आणि दुसऱ्याच क्षणाला मला इतका आनंद झाला की कान गरम झाले. मला थांबायला सांगितलं होतं. मी आईजवळ गेले आणि मराठीत म्हणाले, "आई, गाडी नंतर मोकळी नाहीये. तू आत्ताच जा. मला थांबायला सांगितलंय त्यांनी."

आईने वर बघितलं. "आणि चहा?"

"घरी घे ना," मी म्हणाले.

ती उठली. सगळ्यांकडे बघून तिने पुन्हा हात जोडले आणि जिथून आली होती त्याच दाराने गेली. तिच्या खुर्चीवर मी बसले.

तो चहा मला फार आवडला, हे लिहायलाच हवं. पातळ चिनी मातीचा कप, तोंडाला लागला न लागलासा. स्कोन अजून कोमट होता. हाताने मधून दोन भाग करायचे, आधी जॅम, मग क्रीम, हे मी शेजारणीचं बघून केलं. घरी जो कोरडा लागला होता तोच स्कोन तिथे जिभेवर विरघळला. क्रीमला आमच्या लंगडीचा तो किंचित खरपूस वास होता आणि तो आल्यावरही माझा घास अडकला नाही. मी तीन स्कोन खाल्ले. एकीने विचारलं, वडील काय करतात? मी म्हणाले, इंजिनिअर आहेत. मग टोपीवाल्या एका बाईने वाटीतली क्रीम चमच्याने उचलून विचारलं, दोह्यात ही तुला मिळते तरी कुठे? हार्लेबाई म्हणाल्या, बिन महमूदमध्ये माझी एक बाई आहे, ती करून देते. म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. मी काय बोलते याची त्यांना काळजी नव्हती. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी खाली बघून जॅम लावला.

 परत जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नामदेव आरशात न बघता म्हणाला, "ताई, वहिनीला च्या बी दिला न्हाई का वो कुनी? गाडीत बसल्या बसल्या पानी मागितलं त्यांनी. माझीच बाटली दिली मी."

मी म्हणाले, "त्यांना घाई होती." सिग्नल सुटला, त्याने गिअर टाकला. बिन महमूदला उतरताना मी शुक्रन म्हणाले, ड्रायव्हर लोकांना अरबीत थँक्यू म्हणायची सवय होती तशी. त्याने नुसती मान हलवली.

घरी आई पलंगाच्या कडेवर बसली होती, पैठणी अजून अंगावर. बाबा समोर. स्वयंपाकघरात काहीच शिजत नव्हतं. मला वाटलं, आता ती बोलेल आणि मला वाटेल ते बोलेल, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण तिने विचारलं, "आवडली का ग साय सगळ्यांना?" मी म्हणाले, खूप. "मग? कुणी विचारलं का, कुणी केली?" मी म्हणाले, विचारलं. ती थोडी पुढे सरकली. "तू काय म्हणालीस?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला खरं सांगता आलं नाही. दयेने नाही, भीतीने. मी म्हणाले, "मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, की ही क्रीम माझ्या आईने केलीय." "इंग्रजीत?" "इंग्रजीत." "मग?" मग मी त्या बायकांकडून टाळ्याही वाजवून घेतल्या. बाबा म्हणाले, "शाब्बास." आई उठली, पैठणी बदलली, आणि तिने आम्हा तिघांसाठी चहा टाकला. बशीत ओतून ती दोन कप प्यायली. पुढच्या गुरुवारचा डबा नेहमीपेक्षा जास्त भरलेला होता.

त्यानंतर दोन वर्षं, हार्ले साहेबांची बदली होईपर्यंत, आमची साय अल हिलालला जात राहिली. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी ते थांबलं असतं. आई मानी होती, अपमान ओळखायला तिला दुभाषी लागत नव्हता. तो तिने त्या खुर्चीवरून उठतानाच ओळखला होता. माझ्या खोटेपणाने तो पुसला. हार्लेबाई निरोप न घेता गेल्या. आई म्हणाली, "गडबडीत राहिलं असेल बिचारीचं." आणि गोष्ट मात्र वाढत गेली. प्रत्येक हळदीकुंकवाला, माझ्या लग्नात माझ्या सासूला, पुढे माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तिने ती सांगितली. दहा-बारा बायकांच्या चाळीस झाल्या. आईचं घरी निघून येणं गोष्टीतून गळून गेलं. उरली ती मी, फ्रॉक घातलेली, गोऱ्या बायकांमध्ये न घाबरता उभी राहिलेली. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "अशी मुलगी देव सगळ्यांना देवो." मी वाकून नमस्कार केला होता.

या उन्हाळ्यात नाशिकला गेले. आई आता पंच्याऐंशीची आहे, बाबा गेले, तिला सांभाळायला मंगल नावाची बाई आहे. परवाचं जेवण तिला आठवत नाही. मंगल तिचे पाय चेपत होती आणि आईने गोष्ट काढली. दूध, लंगडी, हार्लेबाई, चाळीस मडमा. मंगल कौतुकाने ऐकत होती. शेवटाला आल्यावर आई माझ्याकडे वळली. "म्हणून दाखव ना ग हिला. काय म्हणाली होतीस तू तेव्हा?"

मी म्हणाले, "माय मदर मेड धिस क्रीम."

"असं तोंडातल्या तोंडात काय? उभी राहा. तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होतीस, तसं म्हण."

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले.